मडक्यातले बिऱ्हाड

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगाव मागे पडले, की आटगावचे लहानसे स्थानक लागते. हे गाव ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. जवळच माहुलीचा गड उभा आहे, आणि पलीकडे तानसा जलाशयाभोवतीचे अभयारण्य पसरले आहे. साग, ऐन, मोह, पळस अशा वृक्षांनी भरलेल्या या रानात पोपटांची वस्ती आहे. गळ्याभोवती काळा-गुलाबी पट्टा मिरवणारे हिरवे पोपट हिवाळा सरत आला, की जुन्या झाडांच्या ढोल्या धुंडू लागतात. त्या ढोलीच्या अंधारात मादी अंडी घालते, पिले वाढतात आणि एके दिवशी उडून जातात. माणसाची मदत त्यांना लागत नाही. माणसाने त्यांच्या वाटेस जाऊ नये, एवढेच त्यांना हवे असते.

पूर्वी ढोलीत हात घालून ही पिले काढीत आणि बाजारात विकीत. आता असे करणे गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने भारतातील रानपोपटांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडता येत नाही, विकता येत नाही आणि पिंजऱ्यात ठेवताही येत नाही.

मग पुष्कळ घरांच्या पडवीत पिंजऱ्यामध्ये जो चिमुकला, रंगीबेरंगी पोपट किलबिलत असतो, तो कोणता? बाजारात त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. परंतु ते नाव चुकीने पडलेले आहे. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा पक्षी होय. आपल्या पडवीतल्या या पक्ष्याचे नाव बजरीगार. प्रेमाने त्याला ‘बजी’ असेही म्हणतात. तो आपल्या रानातला नव्हे. कित्येक पिढ्या माणसाच्या घरीच जन्मलेल्या पक्ष्यांचा तो वंशज आहे. म्हणूनच तो पाळता येतो आणि घरच्या घरी त्याची पिलेही वाढवता येतात. मात्र हे काम दिसते तितके सोपे नाही. त्यात हौसेपेक्षा संयम अधिक लागतो.

बजरीगारचे मूळ घर ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागातील कोरड्या माळरानात आहे. त्याचे नावही तेथील आदिवासींच्या भाषेतून आले आहे. १८०५ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढे जॉन गूल्ड हा पक्षिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात गेला आणि १८४० मध्ये परतताना त्याने जिवंत बजरीगार इंग्लंडला नेले. लोकांना हा पक्षी इतका आवडला, की थोड्याच वर्षांत तो युरोपभर घरोघरी दिसू लागला. आज तो जगातील सर्वांत अधिक पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे.

त्या माळरानात पाऊस कधी आणि कोठे पडेल याचा नेम नसतो. त्यामुळे रानातले बजरीगार एका जागी घर करून राहत नाहीत. हजारोंचे थवे पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात भटकत असतात. जेथे पाऊस होतो तेथे गवत उगवते, त्याला बी धरते आणि मग हे पक्षी तेथेच झाडांच्या ढोल्या गाठून विणीस लागतात. सुकाळ किती दिवस टिकेल हे ठाऊक नसल्यामुळे थोड्या दिवसांत पुष्कळ पिले वाढवून मोकळे व्हायचे, ही सवय त्यांच्या रक्तातच मुरली आहे. घरातल्या पिंजऱ्यात तर धान्य आणि पाणी रोजच मिळते. म्हणजे बजरीगारच्या दृष्टीने तेथे बारमाही सुकाळच असतो! त्यात अंधारी ढोली मिळाली, की मादी अंडी घालण्यास तयार होते. ही गोष्ट पाळणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर अवलंबून आहे.

जोडी जमवण्यापूर्वी नर कोणता आणि मादी कोणती, हे ओळखता आले पाहिजे. बजरीगारच्या चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक मऊ, उंचवटलेला भाग असतो. मोठ्या नरात तो बहुधा ठळक निळा असतो. मादीत तो फिकट असतो आणि विणीच्या काळात तपकिरी होतो. वयाची खूणही चेहऱ्यावरच असते. पिलाच्या कपाळावर काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरलेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पिसे झडून नवी आली, की कपाळ स्वच्छ होते. परंतु कपाळ स्वच्छ झाले म्हणजे पक्षी विणीला योग्य झाला, असे नव्हे. मादी निदान दहा-बारा महिन्यांची झाल्याशिवाय तिला विणीस लावू नये. कोवळ्या वयाच्या मादीच्या शरीरात अंडे अडकून राहते आणि त्यात तिचा जीव जाऊ शकतो.

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण पक्षी वर-खाली उडत नाहीत, ते आडवे उडतात. एका जोडीसाठी साठ सेंटिमीटर लांबी ही अगदी कमीत कमी समजावी. ढोलीऐवजी आपल्याकडे बाजूला भोक आणि वर झाकण असलेले मातीचे मडके टांगतात. लाकडी पेटीही चालते. पेटीच्या तळाला मधोमध वाटीसारखा खोलगटपणा असावा, नाही तर अंडी घरंगळतात. बजरीगार काड्या-गवत गोळा करून घरटे बांधीत नाही. झाडाच्या ढोलीत जो भुसा असतो, त्यावरच तो अंडी घालतो. म्हणून मडक्याच्या तळाशी सुताराच्या रंध्याखालून निघालेला, रंग किंवा औषध न लावलेल्या लाकडाचा भुसा घालावा. हा भुसा केवळ मऊपणासाठी नसतो. गुळगुळीत तळावर पिलांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि ती जन्मभर पांगळी होतात. भुशात मात्र पायांना आधार मिळतो.

एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील, तर जोड्यांपेक्षा मडकी अधिक असावीत आणि ती सर्व एकाच उंचीवर टांगावीत. उंच जागेवरचे मडके प्रत्येक मादीला हवे असते आणि त्यासाठी माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात. नर सहसा शांत असतो. ढोलीची मालकीण मादीच असते.

आता ऋतूचा विचार करावा. कोरड्या मुलखातून आलेल्या या पक्ष्याला आटगावकडचा पाऊस मानवत नाही. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट होते, की मडक्यातला भुसा ओलसर राहतो आणि साठवलेल्या बाजरीला बुरशी येते. बुरशी आलेले धान्य पक्ष्यांना विषासारखे बाधते. उलट एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाळ्यात मडके तापून पिले गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून या भागात दसरा-दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ विणीसाठी सर्वांत बरा.

खाण्यासाठी बाजरी, राळे, वरी आणि नाचणी ही धान्ये उत्तम. यांपैकी नाचणी आणि वरी तर शहापूर-मुरबाडकडच्या डोंगरउतारावरच पिकतात. केवळ कोरड्या धान्यावर मात्र पिले चांगली वाढत नाहीत. म्हणून विणीच्या काळात मोड आलेली कडधान्ये, मक्याचे कोवळे दाणे, शेवग्याचा पाला, पालक आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा द्यावा. अंड्याच्या कवचासाठी मादीला पुष्कळ चुना लागतो. तो मिळावा म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा अडकवून ठेवतात. चुना कमी पडला, तर मादी तो आपल्याच हाडांतून घेते आणि अशक्त होते. मीठ-मसाल्याचे पदार्थ आणि चॉकलेट या पक्ष्यांना कधीही देऊ नये.

जोडी जमली, की नर मादीजवळ बसून तासन् तास गुणगुणतो, मान वर-खाली हलवतो आणि आपल्या चोचीतले धान्य तिला भरवतो. हे गाणे केवळ करमणुकीचे नसते. बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले, की नराचे हे कूजन ऐकल्यानेच मादीच्या शरीरात अंडी तयार होण्यास चालना मिळते. भरवण्यालाही अर्थ आहे. पुढे मादी मडक्यात बसून राहील तेव्हा तिचे पोट भरण्याचे काम नरालाच करायचे असते. जणू त्याची ही आधीच घेतलेली परीक्षा असते.

मडके टांगल्यावर सुमारे आठ-दहा दिवसांनी पहिले अंडे दिसते. ते पांढरेशुभ्र आणि वाटाण्याहून बरेच मोठे, पण जेमतेम दोन ग्रॅम वजनाचे असते. त्यानंतर मादी एक दिवसाआड एकेक अंडे घालते आणि अशी चार ते सहा अंडी होतात. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते. प्रत्येक अंडे सुमारे अठरा दिवसांनी फुटते. यातून एक साधे गणित तयार होते. समजा, पहिले अंडे एक नोव्हेंबरला घातले. मग पुढची चार अंडी तीन, पाच, सात आणि नऊ तारखेला येतील. अठरा दिवसांनी, म्हणजे एकोणीस तारखेस, पहिले पिलू बाहेर पडेल. त्याच्या मागोमाग एकवीस, तेवीस, पंचवीस आणि सत्तावीस या तारखांना बाकीची येतील. म्हणजे थोरले भावंड आणि धाकटे भावंड यांच्यात आठ दिवसांचे अंतर पडते. माणसाच्या घरात आठ दिवस म्हणजे काहीच नव्हे. पण मडक्यातल्या बिऱ्हाडात तेवढ्या अंतराने जीवनमरणाचा प्रश्न उभा राहतो.

उबवण्याच्या काळात मादी क्वचितच बाहेर येते. नर दिवसातून अनेकदा मडक्याच्या तोंडाशी जाऊन तिला भरवतो. या काळात अंडी पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहण्याचा मोह अनेकांना होतो. त्यामुळे अंड्यांना तडे जातात, मादी बिचकते आणि कधी कधी अंडी टाकूनही देते. पाहायचेच असेल, तर मादी आपणहून बाहेर आली असताना एकदाच झाकण काढून झटकन पाहावे. पाच-सहा दिवसांच्या अंड्यामागे विजेरी धरली, तर सजीव अंड्यात तांबूस शिरांचे जाळे दिसते. पोकळ अंडे मात्र स्वच्छ दिसते.

अठराव्या दिवशी पिलू चोचीवरच्या एका बारीक टोकदार दाताने कवचाला आतून भोक पाडते. हा दात एवढ्याच कामापुरता असतो. पुढे तो आपोआप गळून पडतो. बाहेर आलेले पिलू गुलाबी आणि उघडेवाघडे असते. त्याचे डोळे मिटलेले असतात. त्याचे वजनही जेमतेम दोन ग्रॅम असते, आणि मान उचलण्याचेदेखील बळ त्याला नसते. मादी त्याला पाठीवर उताणे करून भरवते. हे पहिले अन्न धान्य नसते. मादीच्या पोटातून पाझरणारा पातळ, अतिशय पौष्टिक असा रस ती पिलाच्या चोचीत सोडते. दिवस जातात तसतसा ती त्या रसात भिजून मऊ झालेले धान्य मिसळू लागते. पिलाच्या वयाप्रमाणे अन्न बदलण्याचे हे ज्ञान तिला कोणी शिकवलेले नसते.

मडक्यात एकाच वेळी आठ दिवसांचे धष्टपुष्ट पिलू आणि आजच जन्मलेले पिलू असते. थोरल्याचा आवाज मोठा आणि मानही लांब. मग धाकट्याला घास मिळतो कसा? अभ्यासकांना असे आढळले आहे, की जे पिलू अधिक ओरडते त्याला नर अधिक भरवतो. मादी मात्र ओरडण्याला भुलत नाही. ती लहान पिलांकडे अधिक लक्ष देते. एवढे असूनही प्रत्येक वेळी सारीच पिले जगतात असे नाही. पाचवे-सहावे पिलू कधी कधी थोरल्यांच्या वजनाखाली दबते, किंवा उपाशी राहते. एखाद्या सकाळी मडक्यात एक निर्जीव देह आढळतो. पाळणाऱ्याने तो लगेच बाहेर काढावा, भुसा बदलावा आणि उरलेल्या पिलांचे गळे पाहावेत. पिलाच्या गळ्याखाली अन्नाची एक पिशवी असते. ती फुगीर असेल तर पोट भरलेले आहे, आणि सपाट असेल तर ते उपाशी आहे, असे समजावे.

पिलांच्या वाढीचा वेग आश्चर्यकारक असतो. आठव्या-दहाव्या दिवशी डोळे उघडतात. दुसऱ्या आठवड्यात अंगावर करडी लव येते आणि पंखांवर काट्यांसारखे कोंब दिसू लागतात. प्रत्येक कोंबात एक पीस गुंडाळलेले असते. तिसऱ्या आठवड्यात ते कोंब फुटून पंखांचा खरा रंग प्रकट होतो. चौथ्या आठवड्यात पिलू मडक्याच्या तोंडातून बाहेर डोकावते. दोन ग्रॅमचा तो जीव महिन्याभरात तीस ग्रॅमच्या घरात गेलेला असतो. म्हणजेच त्याचे वजन पंधरापट झालेले असते. पाचव्या आठवड्यात ते धीर करून बाहेर उडी घेते.

एवढ्या काळात पाळणाऱ्याचे काम कोणते? भरवण्याचे नव्हे, ते आईबाप करतात. त्याचे काम पहाऱ्याचे आणि स्वच्छतेचे असते. पाणी रोज बदलावे. मोड आलेले धान्य आणि अंड्याचा चुरा दोन-तीन तासांनी उचलून टाकावा, कारण तो लवकर आंबतो. पिले दहा-बारा दिवसांची झाली, की मडक्यात विष्ठा साचू लागते. ती वेळोवेळी काढून कोरडा भुसा घालावा. पिलांच्या बोटांना विष्ठा चिकटून वाळली असेल, तर ती ओढून काढू नये. कोमट पाण्याने भिजवून सोडवावी, नाही तर कोवळे नख निघून येते.

शत्रूंची आठवणही ठेवावी लागते. तांबड्या मुंग्या रात्रीतून मडक्यात शिरून पिलांचा जीव घेतात. म्हणून पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मांजर आणि उंदीर यांच्यासाठी दार घट्ट असावे. रानालगतच्या गावात सापाचेही भय असते. तेव्हा जाळीची छिद्रे अर्ध्या इंचाहून मोठी असू नयेत.

पिले हातावर वाढवली म्हणजे ती माणसाळतात, असे ऐकून काही जण पिलांना लवकर मडक्यातून काढून स्वतः पेज भरवू लागतात. हे काम अत्यंत जोखमीचे आहे. अन्न थोडे गार असले तर ते गळ्याच्या पिशवीत तसेच राहून नासते. थोडे अधिक गरम असले तर पिशवी भाजते. आणि घाईने भरवले तर ते श्वासनलिकेत जाऊन पिलू गुदमरते. ज्याचे आईबाप जिवंत आहेत त्या पिलाला हातावर वाढवण्याचे काही कारण नाही. मादी मेलीच, तर त्याच वयाची पिले असलेल्या दुसऱ्या जोडीच्या मडक्यात ते ठेवावे. बजरीगार परके पिलू बहुधा आपले म्हणून वाढवतात. तेही शक्य नसेल, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पिलाला माणसाळवायचे असेल, तर पिसे फुटल्यावर रोज काही क्षण हळुवारपणे हातात घेतले आणि पुन्हा आईजवळ ठेवले, एवढे पुरते.

बाहेर आलेल्या पिलाला उडता येते. पण दाणा सोलून खाता येत नाही. येथे बापाचे काम वाढते. मादी पुष्कळदा दुसऱ्या विणीच्या तयारीला लागलेली असते. अशा वेळी नर आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ, पिलांना भरवीत राहतो. पिले त्याच्या शेजारी बसून दाणा चोचीत फिरवायला, टरफल काढायला शिकतात. साधारणपणे सहाव्या आठवड्यात ती स्वतंत्र होतात. पिलू स्वतः दाणे सोलताना स्पष्ट दिसल्याशिवाय त्याला बापापासून दूर करू नये. बाजारात विकली जाणारी कित्येक पिले या घाईमुळेच, भरल्या धान्याच्या भांड्यासमोर उपाशी मरतात.

कधी कधी हिरव्या जोडीच्या मडक्यातून निळे पिलू बाहेर येते आणि घरचे लोक चकित होतात. यात जादू काही नाही. रानातल्या बजरीगारचा रंग हिरवा असतो. त्याच्या पिसांत पिवळे रंगद्रव्य असते. शिवाय पिसांची सूक्ष्म रचनाच अशी असते, की तिच्यावरून प्रकाशातला निळा भाग परावर्तित होतो. निळा आणि पिवळा मिळून हिरवा दिसतो. ज्या पक्ष्यात पिवळे द्रव्य तयारच होत नाही, तो निळा दिसतो. ही उणीव आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही वारशाने आली तरच निळे पिलू जन्मते. एकाकडूनच आली तर ती लपून राहते. असे लपलेले वारस असलेल्या दोन हिरव्या पक्ष्यांची जोडी जमली, तर सरासरीने चार पिलांत एक निळे निघते. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून १८६६ साली जो नियम प्रसिद्ध केला, तोच नियम पडवीतल्या मडक्यातही चालतो. पिवळे द्रव्य तयार करणारा नेमका जनुक कोणता, हे शास्त्रज्ञांनी २०१७ साली शोधून काढले.

दोन विणी झाल्या, की मडके काढून घ्यावे. रानात सुकाळ संपला म्हणजे वीणही थांबते. पिंजऱ्यात तो कधी संपतच नाही. म्हणून थांबवण्याचे काम माणसाने करावे लागते. अंधारी ढोली दिसेनाशी झाली, की मादी बहुधा अंडी घालायचे थांबवते आणि तिच्या शरीराला विसावा मिळतो. असे केले नाही, तर ती वीण-वीण करीत झिजून मरते.

मडके काढण्याचे आणखीही एक कारण आहे. एका जोडीने वर्षातून दोनदा चार-चार पिले वाढवली, तर वर्षाअखेर दोनाचे दहा पक्षी होतात. त्यांच्या पाच जोड्या झाल्या आणि प्रत्येक जोडीने तेवढीच पिले दिली, तर दुसऱ्या वर्षाअखेर पन्नास आणि तिसऱ्या वर्षाअखेर अडीचशे पक्षी! प्रत्यक्षात सारेच जगत नाहीत, हे खरे. पण जे जगतील ते जाणार कोठे? बजरीगार पाच ते दहा वर्षे जगतो. आज सहावीत असलेल्या मुलाने आणलेला पक्षी, त्या मुलाचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे होईपर्यंतही सोबत करू शकतो. तेव्हा मडके टांगण्यापूर्वीच प्रत्येक पिलासाठी घर ठरवून ठेवावे. बजरीगार हा थव्यातला पक्षी आहे; एकटा ठेवला तर तो खंगतो. म्हणून पिले कोणास द्यायचीच असतील, तर दोन-दोन द्यावीत. आणि ज्याला रोज पाणी बदलण्याचा कंटाळा आहे त्याला ती देऊच नयेत.

‘जास्त झाले तर रानात सोडून देऊ’ असे काहींना वाटते. त्यात दया नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला शिक्रा म्हणजे काय हे ठाऊक नसते, अन्न शोधता येत नाही, आणि सह्याद्रीचा पाऊसही सोसत नाही. तानसाच्या रानात सोडलेला पिवळा बजरीगार चार दिवसही तग धरणे कठीण. रानपोपटाला पिंजरा जितका परका, तितकेच बजरीगारला आपले रान परके.

पक्ष्यांजवळ वावरताना आपल्या आरोग्याचीही काळजी घ्यावी. पोपटवर्गातील पक्ष्यांपासून काही रोग माणसाला होऊ शकतात. म्हणून पिंजरा साफ करताना नाका-तोंडावर रुमाल बांधावा, वाळलेली विष्ठा झाडण्याआधी पाणी शिंपडावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पक्षी पिसे फुगवून एकाच जागी बसू लागला, तर वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

पक्ष्यांची पिले घरी वाढवणे म्हणजे पिले आपण वाढवणे नव्हे. ती त्यांचे आईबापच वाढवतात. माणसाच्या वाट्याला येते ती राखण, स्वच्छता आणि वेळेवर हात आखडता घेण्याची शिस्त. मडक्याचे झाकण केव्हा उघडावे हे ज्याला कळते तो चांगला निरीक्षक. पण ते केव्हा उघडू नये, आणि मडके मुळात टांगावे की नाही, हेही ज्याला कळते तोच खरा पक्षिपालक होय.

स्वाध्याय

१. रानपोपट पाळता येत नाही, पण बजरीगार पाळता येतो, असे का?

२. एका मादीने पाच डिसेंबरला पहिले अंडे घातले आणि एकूण चार अंडी घातली. प्रत्येक पिलू कोणत्या तारखेस बाहेर पडेल? थोरल्या आणि धाकट्या पिलात किती दिवसांचे अंतर असेल?

३. पुढील गोष्टींची कारणे सांगा : (अ) मडक्यात भुसा घालावा. (आ) पिंजऱ्यात समुद्रफेन ठेवावा. (इ) दोन विणींनंतर मडके काढून घ्यावे.

४. पिलांना वाढवताना मादी आणि नर यांची कामे कशी वाटलेली असतात, ते आपल्या शब्दांत लिहा.

५. ‘त्यात दया नाही,’ असे कशाविषयी म्हटले आहे? तुम्हांला ते पटते काय? दहा ओळींत लिहा.